गुलमर्गचा उशिरा आलेला हिवाळा

संक्रांत होऊन गेली तरी गुलमर्गला बर्फ नाही, ही बातमी जानेवारी २०२४ मध्ये आम्ही पुण्यात वाचली, तेव्हा आमची विमानाची तिकिटे काढून झाली होती. एरवी पांढरेशुभ्र असणारे ते पठार छायाचित्रात मे महिन्यातल्या सिंहगडाच्या उतारासारखे पिंगट दिसत होते. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडक थंडीला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. त्यामागून वीस दिवसांचे ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचे ‘चिल्लई बच्चा’ येते. त्या वर्षी थोरल्याने बहुतेक काळ रिकाम्या हातानेच काढला. आम्ही प्रवास फेब्रुवारीवर ढकलला. पहिल्या मुक्कामाच्या आगाऊ रकमेपैकी निम्मीच परत मिळाली, याची नोंद माझ्या एका स्नेह्यांनी प्रवासाच्या वहीत पहिल्याच पानावर केली. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

आम्ही आठ जण होतो. मी व सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई, नऊ वर्षांची नात, आणि बँकेतील माझे दोन जुने सहकारी, त्यांपैकी एक सपत्नीक. चिरंजीव नोकरीनिमित्त दोन वर्षे म्युनिकला होता. तेथे आल्प्सच्या उतारांवर तो स्कीइंग शिकला आणि परतल्यावर दर हिवाळ्यात त्याला त्याची हुरहूर लागे. बाकीच्यांपैकी कोणीही आयुष्यात पायाला स्की बांधलेली नव्हती. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी हे कशाला, असे नातेवाइकांनी विचारले. मी दोन महिने रोज पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या दोनदा चढून उत्तराची तयारी करीत होतो. पालिताण्याच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढलेले गुडघे अगदीच परके ठरणार नाहीत, असा माझा अंदाज होता. तो चुकीचा होता हे पुढे येईलच.

खरी तयारी सौभाग्यवतींची. बर्फाळ प्रदेशासाठी मिळणाऱ्या उबदार कोटांपैकी अनेकांत बदकाची वा हंसाची पिसे भरलेली असतात. दुकानदार ‘हलका आहे हो’ एवढेच सांगतो. आम्ही प्रत्येक कोटाच्या आतली पट्टी वाचून कृत्रिम धाग्यांचे कोट घेतले. ते थोडे जड असतात, परंतु ओले झाले तरी बऱ्यापैकी ऊब देतात, हा लाभ तेथे गेल्यावर कळला. खाकरे, मेथीचे ठेपले, मूगडाळ, पापड यांची एक वेगळी पेटीच झाली. चौविहाराचे वेळापत्रकही त्यांनी मांडले. फेब्रुवारीच्या मध्यास गुलमर्गला सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो, म्हणजे उतारावरून साडेचारला निघावेच लागणार. नवकारशीही पुण्यापेक्षा उशिरा होते. चिरंजीवाने हे ऐकून कपाळाला हात लावला, पण दुपारनंतर बर्फ कडक होतो व पडझड वाढते, हे तोच नंतर म्हणाला.

१७ फेब्रुवारीस दिल्लीमार्गे श्रीनगरला उतरलो. टंगमर्गला गाडीच्या चाकांना साखळ्या बांधल्या आणि शेवटचा तेरा किलोमीटरचा घाट देवदारांमधून चढलो. गुलमर्ग सुमारे ८,७०० फुटांवर आहे. याचे जुने नाव गौरीमर्ग. सोळाव्या शतकात सुलतान यूसुफ शाह चक याने ते बदलून फुलांचे कुरण असे केले. इंग्रजांनी येथे १९२७ मध्ये स्की क्लब स्थापन केला. सैन्याची उंच पर्वतीय युद्धशाळा येथेच आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू आरिफ खान हाही याच परिसरातला. गोंडोला म्हणजे तारेवरून जाणाऱ्या लहान डब्यांची वाहतूक. तिचा पहिला टप्पा १९९८ मध्ये कोंगदूरीपर्यंत, दुसरा २००५ मध्ये अफरवतच्या खांद्यावर, सुमारे १३,००० फुटांपर्यंत गेला.

शिकण्याचे वर्णन फार करण्याजोगे नाही. स्कीचा बूट हा बूट नसून प्लास्टिकचा साचा आहे. तो नडगी पुढे झुकवूनच ठेवतो, आणि ताठ उभे राहण्याची आयुष्यभराची सवय तेथे शत्रू होते. वेग थांबवायचा तर स्कीची टोके एकमेकांजवळ आणून मागचे भाग बाहेर ढकलायचे. आमचे शिक्षक मुलांना त्यास ‘पिझ्झा’ म्हणायला शिकवीत. नातीचा पिझ्झा दुसऱ्या दिवशी दुपारीच जमला. माझा चौथ्या दिवसापर्यंत त्रिकोणच होत नव्हता. मी मागे रेलत असे, आणि मागे रेलले की स्की पुढे पळतात. पर्वतीवर कमावलेले बळ चढण्याचे होते. येथे उतरण्याचे बळ लागते, आणि ते मांडीच्या दुसऱ्याच बाजूस असते. एकदा पडल्यावर उठता येईना तेव्हा लाकडी घसरगाडी ओढणारा एक फेरनधारी तरुण आला. पैसे न घेता त्याने मला उभे केले व म्हणाला, “चाचाजी, जानेवारीत आम्हीही असेच बसून होतो.” त्यांच्या घरांचे सारे वर्ष या तीन महिन्यांवर चालते.

१८ पासून तीन दिवस मात्र आकाशाने थकबाकी एकरकमी फेडली. खिडकीबाहेर दहा हातांवरचे झाड दिसेना. वाढप्याने मोठ्या प्रेमाने नदरूची भाजी आणली. ती कमळाची काकडी, म्हणून सौभाग्यवतींनी हात जोडले. मग त्याने कांदा-लसूण वगळून केलेला हाक हा पालेभाजीचा प्रकार व भात दिला, आणि मधाविना केशर-वेलचीचा कहवा. शेगडीभोवती आम्ही निवांत होतो, चिरंजीव सोडून. त्याने पुण्याहूनच एका स्थानिक मार्गदर्शकाशी ठरविले होते की एक दिवस आखलेल्या उतारांबाहेर, बॅककंट्रीत जायचे. त्यासाठी स्कीच्या तळाला चढताना पट्ट्या चिकटवितात. त्यांना अजून ‘स्किन’च म्हणतात, कारण पूर्वी त्या सीलच्या कातड्याच्या असत. आता त्या नायलॉनच्या मिळतात, हे त्याने आईला आधीच दाखवून ठेवले होते. गळ्यात संदेश पाठविणारे यंत्र, पाठीवर फावडे व लांब घडीची सळई. ही तिन्ही कशासाठी, असे तिने विचारले नाही. मी विचारले. बर्फाखाली गाडलेला माणूस शोधून काढण्यासाठी. पहिल्या पंधरा मिनिटांत काढला तर वाचण्याची आशा मोठी असते, नंतर ती झपाट्याने घटते.

त्या रात्री आमचे वाजले. तो म्हणाला, इतका ताजा बर्फ पुन्हा मिळायचा नाही. मी म्हणालो, नऊ वर्षांची मुलगी आहे तुला. सूनबाई दोघांकडेही पाहत नव्हती. मी फेब्रुवारी २०१० ची आठवण काढली. याच गुलमर्गच्या डोंगरात प्रशिक्षण घेणारे सैन्याचे सतरा जवान हिमस्खलनात गेले होते. ते तर तयारीचे लोक. तो उठून गेला.

२१ तारखेस ऊन पडले, खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या, बँड वाजला. आमचे मार्गदर्शक संध्याकाळी आले. साधारण पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी चिरंजीवासह मलाही हॉटेलमागच्या चढावर नेले, फावड्याने कंबरभर खड्डा खणला आणि त्याची भिंत सपाट करून हातमोजा काढून बोट फिरविले. वरचा दोन-अडीच फूट थर घट्ट होता. त्याखालचा थर बोट लागताच साखरेसारखा ओघळला. कोरड्या, थंड महिन्यांत जो थोडा बर्फ जमिनीवर पडून राहतो त्याचे असे सुटे दाणे होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. त्यावर तीन दिवसांत एवढे ओझे आले. उतार तीस अंशांहून अधिक असला की एका माणसाच्या वजनानेही सारा पट्टा सुटू शकतो. मला हे समजायला वेळ लागला नाही. अशा कितीतरी कर्जखात्यांवर मी सह्या केल्या आहेत. वर ताजा ताळेबंद, चकचकीत उलाढाल, आणि खाली तीन वर्षांपूर्वीचे न वसूल झालेले येणे. वरून पाहणाऱ्याला ते दिसत नाही, मोठी रक्कम वर चढली की मग सारेच एकदम खाली येते.

“कोंगदूरीच्या पुढे मी उद्या नेणार नाही,” ते चिरंजीवाला म्हणाले. “दुसरा कोणी नेईल. पैसे परत घ्या.” चिरंजीवाचा चेहरा उतरला. बरीच शांतता गेली. मग ते म्हणाले, जंगलातून बाबारेशीकडे उतरू. उतार मंद आहे, दाट झाडे बर्फ धरून ठेवतात. त्याने मान हलविली, पण आनंदाने नव्हे.

२२ तारखेस सकाळी ते दोघे गेले. दुपारी दोनच्या सुमारास आम्ही नातीसह नवशिक्यांच्या उतारावर होतो. लोक एकाएकी वर पाहू लागले. कोणी म्हणाले कोंगदूरीकडे बर्फ सुटला, परदेशी स्कीपटू गाडले गेले. चिरंजीवाचा फोन लागेना. तो त्या बाजूस नाही हे मला ठाऊक होते. पण आदल्या रात्रीचा त्याचा चेहराही ठाऊक होता, आणि उतारावर गेल्यावर माणसाचे मन बदलू शकते. सौभाग्यवती बाकावर बसून नवकाराची माळ ओढू लागल्या. वहीवाले स्नेही, जे एरवी क्षणभर गप्प बसत नाहीत, नातीला घेऊन उगाचच बर्फाचा हत्ती करीत राहिले. सूनबाईने दर दोन मिनिटांनी फोन लावला. असे दीड तास गेले.

पावणेचारला एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. चिरंजीवाचा फोन थंडीने बंद पडला होता. ते दोघे बाबारेशीच्या दर्ग्यापाशी उतरले होते आणि तेथील एका घरात चहा पीत होते. अपघाताची वार्ता त्यांना तेथेच कळली. त्या दिवशी अफरवतच्या उतारावर एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. त्याच्या सोबत्यांना बाहेर काढण्यात आले.

संध्याकाळी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला तो बसला तेव्हा कोणी काही बोलले नाही. त्याने दोन ठेपले अधिक मागून घेतले. नंतर दर्ग्याविषयी सांगत बसला. पंधराव्या शतकातले हे बाबा पयामुद्दीन रेशी, सुलतानांच्या पदरचे मोठे सरदार, सारे सोडून साधू झाले. काश्मीरचे रेशी मांस खात नसत व वाटसरूंसाठी फळझाडे लावीत, हे अबुल फजलनेही लिहून ठेवले आहे. हे ऐकून सौभाग्यवतींनी दुसऱ्या दिवशी तेथे जाण्याचा आग्रह धरला. आम्ही गेलो. दारात कुलूपबंद पायताणांच्या रांगेत आमचे अवजड बूट विचित्र दिसत होते.

मार्गदर्शकांनी जंगलाच्या वाटेचेच पैसे घेतले. उरलेली रक्कम चिरंजीवाने त्यांच्या हाती पुन्हा ठेवली, ती त्यांनी पुन्हा परत केली. अखेर वहीवाल्या स्नेह्यांनी मध्यस्थी करून ती त्यांच्या धाकट्या मुलीच्या शाळेसाठी द्यायला लावली, आणि वहीत ‘संकीर्ण’ या सदराखाली लिहिली.

२४ तारखेस, निघण्याच्या आदल्या दिवशी, मी पहिल्यांदा न पडता उताराच्या पायथ्याशी पोहोचलो. अंतर साठ-सत्तर पावलांचे असेल. चिरंजीव माझ्यापुढे उलटा, म्हणजे माझ्याकडे तोंड करून घसरत होता, दोन्ही हात पसरून. नात खालून ओरडत होती, “आजोबा, पिझ्झा, पिझ्झा!”