अर्धा गुण

परीक्षकाच्या तांबड्या पेन्सिलीला जो अधिकार असतो तो न्यायाधीशालाही नसावा. न्यायाधीशाच्या निकालावर अपील तरी करता येते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते. शाळेत मराठी शिकवावे आणि सुटीत कादंबऱ्या लिहाव्यात, हा माझा संसार. पण वीसेक वर्षांपूर्वी शास्त्राचे मास्तर लांबच्या रजेवर गेले आणि नववीचा शास्त्राचा तास माझ्या गळ्यात पडला. पुस्तकातले एक वाक्य मी मोठ्या ठसक्यात शिकवले : धातू तापला की त्याचा विद्युत रोध वाढतो, थंड झाला की कमी होतो. परीक्षेत एका मुलीने लिहिले, "धातू थंड केल्यास रोध बहुधा कमी होतो." त्या 'बहुधा'वर मी रेघ ओढली आणि अर्धा गुण कापला. शास्त्रात कसले आले आहे बहुधा? ते आमच्या कादंबरीत!

गेल्या पाडव्याला ती नमस्काराला आली. हल्ली ती जर्मनीत, ड्रेस्डेनला असते.

"तिथे करतेस काय?" मी विचारले.

"काही धातू थंड करून त्यांचा रोध मोजते, सर."

"कमी होत असेल."

"बहुधा," ती म्हणाली आणि करंजीचा तुकडा मोडला.

मग मला सगळे ऐकून घ्यावेच लागले. हॉलंडमधल्या लायडन गावी १९११ साली कामरलिंग ओनेस यांनी पारा ४.२ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे शून्याखाली सुमारे २६९ अंश थंड केला, तेव्हा त्याचा रोध पार नाहीसाच झाला. इथवर माझी बाजू बळकट होती. पण त्याच गावी १९३४च्या सुमारास सोन्याच्या तारेने दगा दिला. रोध उतरत उतरत एका जागी थांबला आणि थंडी आणखी वाढवताच पुन्हा चढू लागला! हे कोडे तीस वर्षे तसेच राहिले. १९६४ साली जपानच्या जुन कोंदो यांनी ते उकलले. दोष सोन्याचा नव्हता. त्यात नावापुरत्या मिसळलेल्या लोखंडासारख्या धातूच्या अणूंचा होता. असा प्रत्येक अणू म्हणजे एक इवलेसे लोहचुंबक.

मला पंगतीवाचून काही समजत नाही, म्हणून मी पंगत मांडली आणि तिने ती दुरुस्त केली. धातूचे अणू म्हणजे पानांवर बसलेले पाहुणे, इलेक्ट्रॉन म्हणजे वाढपी. उष्णता म्हणजे पंगतीत धावणारी पोरे. पोरे जितकी कमी तितके वाढपी सुरळीत चालतात. माझे पुस्तक म्हणत होते ते एवढेच. पण पंगतीत एखादा विक्षिप्त पाहुणा असतो. तो प्रत्येक वाढप्याच्या उजव्या हातातली पळी डाव्या हातात देतो आणि स्वतःही कूस बदलतो. पुढच्या वाढप्याचे काय होणार, हे आधीचा काय करून गेला त्यावर ठरते. पोरांच्या गोंधळात हा गृहस्थ कुणाच्या लक्षात येत नाही. पोरे निजली की सारी खोळंबाखोळंब त्याच्यापाशी. थंडीत रोध वाढतो तो असा.

"आता प्रत्येक पानावर तसाच पाहुणा बसवा," ती म्हणाली.

तो पाहुणा सेरियम. लायटरच्या ठिणगीच्या खड्यात असतो तोच. अ‍ॅल्युमिनियमशी त्याचा संयोग झाला की दर ठरावीक अंतरावर त्याचा एकेक अणू, म्हणजे एकेक चुंबक. हा धातू थंड करू लागले की आधी रोध वाढतो. मला वाटले, आता पंगत उठलीच. पण ३५ केल्व्हिनच्या आसपास वारे फिरते आणि मग रोध भराभर उतरतो. कारण प्रत्येक पानाशी तीच खोडी, तितक्याच पावलांवर. वाढप्यांना ताल सापडतो आणि खोडीची अडचण राहत नाही. मात्र दर पानाशी ती देवघेव करावीच लागत असल्याने चाल फार जड होते. १९७५ साली या धातूची मापे घेतली तेव्हा त्यातले इलेक्ट्रॉन शेकडो पटींनी जड असल्यासारखे वागताना दिसले. खरे वजन रतिभरही वाढलेले नसते, बरे का! अगदी तळाशी गेल्यावर आणखी एक नियम लागतो : तापमान दुप्पट केले की रोधातली वाढ चौपट.

चुंबक हा अतिवाहकतेचा, म्हणजे रोध नाहीसा होण्याचा, वैरी असे तोवर मानत. पण १९७९ साली जर्मनीत स्टेग्लिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरियम, तांबे व सिलिकॉन यांचा असाच जड चालीचा धातू अर्ध्या केल्व्हिनच्या आसपास नेला, आणि रोध नाहीसा झाला! पानोपानी वैरी बसलेला असताना. या धातूंपैकी कुठला अखेर चुंबक होऊन बसेल आणि कुठला अतिवाहक, हे आधी सांगणे अजूनही अवघड असते, असे ती म्हणाली.

माझा चहा केव्हाच निवला होता.

"त्या अर्ध्या गुणाचे काय करायचे?" मी उसन्या थट्टेने विचारले.

"पहिला नंबर गेला होता, सर. वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते."

ती हसतच म्हणाली. पण दिवस मोजून लक्षात होते. मला त्या वर्षीचा पहिला नंबर कोणाचा, हेही आठवेना. उत्तरपत्रिका कधीच रद्दीत गेलेल्या.

निघताना ती वाकली. आशीर्वादाला उचललेला हात मी खाली घेतला आणि दोन्ही हात जोडले.

"हे काय, सर!" ती गडबडली.

आतून सौ. विचारीत होती, चिवडा किती बांधून देऊ?