आधी घोडनदी, मग ऑर्कनी

शहापूर,
पौष वद्य पंचमी

चि. भाचीबाईस,


तुझा बेत ताईने मला वाचून दाखवला. जूनमध्ये मी तुझ्याकडे ॲबर्डीनला यायचं, तिथून संध्याकाळच्या बोटीने ऑर्कनी बेटांवर जायचं आणि पाच हजार वर्षांपूर्वीचं स्कारा ब्रे नावाचं गाव बघायचं. ताईचा पहिला प्रश्न, "तिथे आता राहतं कोण?" कोणी नाही म्हटल्यावर तिचा चेहराच पडला. विमानाचं एवढं भाडं भरून ओसाड गाव बघायला जायचं, हे तिच्या हिशेबात बसेना. माझ्या बसतं. माझी अट एकच आहे आणि ती फोनवर धड सांगता यायची नाही, म्हणून हे पत्र. तू होळीला येशील तेव्हा आधी माझ्याबरोबर इनामगावला चल.

इनामगाव लांब नाही. मुरबाडहून टोकावडं, माळशेज चढून ओतूर, आळेफाटा आणि मग शिरूरचा रस्ता. घोड नदीच्या काठी गाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथे खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं तू माझ्याकडून इतकी ऐकली आहेस की घरचीच वाटत असतील. इ.स.पूर्व १६०० च्या सुमारास शेतकऱ्यांची वस्ती तिथे पडली आणि सुमारे नऊशे वर्षं टिकली. शंभराहून अधिक घरांचे अवशेष सापडले. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचं इतकं बारकाईने खणलेलं दुसरं गाव मला तरी माहीत नाही.

आधीच सांगून ठेवतो, तिथे बघायला काही नाही. पांढरीची माती, खापरं, शेतं आणि नदी. फोटो काढून कोणाला पाठवावा असं काही हाती लागणार नाही. कारण सरळ आहे. ती घरं कुडाची होती. बुटकी मातीची भिंत, तिच्यावर लाकडं आणि काटक्यांचा कूड, कुडाला आतबाहेर लिंपण, वर गवताचं छप्पर. असलं घर मोडलं की दोन-चार पावसाळ्यांत मातीला मिळतं. खणणाऱ्यांच्या हाती लागतात त्या चोपलेल्या जमिनी, चुलीची जागा आणि खांब रोवल्याचे खड्डे. खांब कुजून गेलेला असतो, त्याच्या खळग्यात वेगळ्या रंगाची भुसभुशीत माती भरलेली असते. त्या रंगाच्या फरकावरून भिंत कुठून कुठवर होती ते ठरवायचं. अशी घरामागून घरं त्या लोकांनी मांडून दाखवली.

आता तुझ्या आजीचं टोकावड्याकडचं जुनं घर आठव. तू लहान होतीस, पण मागची पडवी आठवत असेल. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा हात, सागाच्या मेढी, वर आढं आणि वासे. कोपऱ्यात शेणाने सारवलेली भाताची कणगी. इनामगावच्या घरांत मातीच्या गोल बैठका सापडल्या, त्या अशाच कणग्या ठेवण्यासाठी होत्या असं खणणाऱ्यांनी ठरवलं. जमिनीत धान्याची पेवंही मिळाली. हे अहवालात वाचलं तेव्हा मला काही नवं कळल्यासारखं वाटलंच नाही, आजीच्या पडवीचाच आराखडा कोणी काढून दिल्यासारखं वाटलं.

इथे एक गोष्ट बजावून ठेवतो, कारण तुझे तिकडचे मित्र विचारतील. डोळखांबकडच्या ठाकरांच्या पाड्यांवर कधी कधी शहरातली मंडळी मुलांना घेऊन येतात आणि कुडाचं घर दाखवून म्हणतात, हे बघा, अश्मयुग! मला याचा भयंकर राग येतो. डोंगरउतारावर कारवी फुकट उगवते, तिच्या भिंतीतून वारा खेळतो आणि ती मोडली तर घरच्या घरी बांधता येते, म्हणून माणूस ती वापरतो. त्याच घरातला पोरगा वासिंदहून लोकल पकडून कामाला जातो आणि घरकुल मंजूर झालं की विटांची भिंतही उभी करतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाशी त्याचं साम्य आहे ते साहित्याचं. त्यावरून त्याला जुन्या काळात ढकलायचं काही कारण नाही.

आणि साहित्याचाच मुद्दा स्कारा ब्रेलाही लागू आहे. त्या बेटांवर झाडं जवळपास नाहीत, पण फरशीसारखे थर सुटणारा दगड पायाशी पडलेला. म्हणून तिथल्या लोकांनी दगडी पलंग केले, दगडी फडताळं केली, मधोमध दगडी चुलाणं. इ.स.पूर्व ३१८० च्या आसपास वस्ती झाली आणि २५०० च्या सुमारास गाव ओस पडलं. पुढे वाळूने सगळं झाकून टाकलं. १८५० च्या वादळाने ती वाळू उडवली, तेव्हा स्केल नावाच्या जागेचा जमीनदार विल्यम वॉट याने खणायला घेतलं. पुढे एका वादळात एका घराचा भाग समुद्राने नेला, तेव्हा संरक्षक भिंत बांधली आणि १९२८ ते १९३० मध्ये एडिंबरोचा प्राध्यापक गॉर्डन चाइल्ड याने रीतसर उत्खनन केलं. गंमत म्हणजे चाइल्डसारख्या माणसालाही ते गाव फार जुनं वाटलं नव्हतं. तो त्याला लोहयुगातलं समजत होता. खरं वय १९७० च्या दशकात रेडिओकार्बनने कळलं.

म्हणजे त्यांचं गाव टिकलं ते दगड आणि वाळू यांच्यामुळे. आपलं विरघळलं ते माती आणि कारवीसारख्या काटक्यांमुळे. यात कोणाच्या थोरवीचा प्रश्न नाही, हे तू स्कारा ब्रेला उभी राहशील तेव्हा लक्षात ठेव. तिथे सगळं डोळ्यांसमोर मांडलेलं आहे, म्हणून माणूस वरच्या पायवाटेवरून खाली बघतो, वा म्हणतो आणि पुढे जातो. मूळ घरांत उतरू देत नाहीत, ते योग्यच आहे. एका घराची हुबेहूब प्रतिकृती जवळच उभारली आहे, तिथे मात्र आत जाता येतं. आपण तिथे निवांत बसायचं. मला दाराची उंची बघायची आहे, वाकून आत गेल्यावर पहिली नजर कुठे पडते ते बघायचं आहे. दारासमोर फडताळ असतं म्हणतात. आलेल्या पाहुण्याला आधी घरची भांडीकुंडी दिसावीत, ही हौस मला अगदी मुरबाडची वाटते.

आणखी एक. ही घरं उकिरड्यात बसवलेली आहेत. राख, शिंपले, हाडं, सडका कचरा यांचा जुना ढीग घरांच्या भोवती दाबून भरलेला, म्हणजे वारा लागत नाही आणि ऊब राहते. तिथला वारा तू रोज खातेस, त्यामुळे याची किंमत तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते जमिनीखालच्या माणसांबद्दल. इनामगावात मूल दगावलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, त्यांत त्याला घालून घराच्या जमिनीखालीच पुरत. गावाबाहेर नाही, ओढ्याकाठी नाही, घरात. आई त्याच जमिनीवर सारवणार, तिथेच चूल पेटवणार, तिथेच झोपणार. मोठ्या माणसालाही घरातच पुरत, पण त्याचे पाय घोट्याच्या वर तोडलेले. मेलेला चालत निघून जाऊ नये म्हणून, असा अर्थ खणणाऱ्यांनी लावला. खरा असो वा नसो, मला तो पटतो. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचं एक मातीचं रांजण मिळालं, त्यात चाळिशीच्या आसपासचा एक पुरुष बसवलेला, आणि त्याचे पाय मात्र शाबूत! तो गावचा प्रमुख असावा, असं म्हणतात. स्कारा ब्रेमध्येही एका घराच्या भिंतीखाली दोन बायकांचे सांगाडे मिळाले आहेत, पण तिथली घरं साधारण सारख्याच मापाची. पाच खोल्यांचा मोठेपणा तिथे दिसत नाही. असं का, यावर आपण बोटीत भांडू.

शेवट कसा झाला, हेही मिळतंजुळतं आहे. चाइल्डला एका बोळात विखुरलेले मणी सापडले. वादळाच्या रात्री पळताना कोणा बाईची माळ तुटली असावी, अशी त्याने कथा रचली. आता अभ्यासक म्हणतात, लोक हळूहळू सोडून गेले असावेत. इनामगावातही तेच. सुरुवातीला चौकोनी ऐसपैस घरं, मध्ये बोळ, नदीचं पाणी फिरवायला पाट, सातू हे मुख्य पीक, वाजवली तर टणटणणारी जोर्वे धाटणीची लाल भांडी. इ.स.पूर्व १००० नंतर पाऊस ओसरत गेला असं ढवळीकर मांडतात. चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती रोडावली, शिकार वाढली. ७०० च्या सुमारास गाव उठलं. दगडाच्या गावाने हे इतकं स्पष्ट सांगितलं नसतं. खांबांच्या खड्ड्यांचा चौकोन गोल होत गेलेला दिसला, म्हणून ते कळलं. मी शहापुरात राहतो. तानसा धरण इथून १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतं, भातसाही आपलंच, आणि एप्रिल उजाडला की आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघतात. त्यामुळे पाण्यापायी घर लहान होणं मला पुस्तकी वाटत नाही.

तर बेत असा. होळीनंतर दोन दिवस काढ. पहिल्या दिवशी पुण्याला येरवड्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये जाऊ. संग्रहालयात इनामगावच्या वस्तू ठेवल्या आहेत, आधी त्या नीट बघू. दुसऱ्या दिवशी नदीकाठी. डबा घरूनच नेऊ. ऊन फार असेल तर सकाळी लवकर. खापर उचलून पिशवीत टाकायचं नाही, हे तुला सांगायला नको, पण तुझ्या आईला सांगायला हवं.

आता ऑर्कनीचं. जून महिना योग्य, त्या दिवसांत तिथे अठरा-अठरा तास उजेड असतो. बोट रात्री अकराच्या सुमारास कर्कवॉलला लागते, तेव्हाही पुरता काळोख नसेल, त्यामुळे खोली शोधायची चिंता नाही. कर्कवॉलला मोठाली पर्यटक जहाजं येतात, त्या दिवसाची यादी आधी बघ आणि स्कारा ब्रेला सकाळी पहिल्या गटात जाऊ. येताना त्याच बोटीने यायचं नाही. स्ट्रॉमनेसहून दीड तासाची छोटी फेरी असते, ती स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला स्क्रॅब्स्टरला सोडते, मला तो किनारा बघायचा आहे. माझे गुडघे पायवाटेला चालतील, पण वाऱ्याचं मात्र सांग. कानटोपी पुरेल की तुझ्याकडचं ते फुगीर जाकीट लागेल? ताई चकली आणि भाजणी द्यायची म्हणते, विमानात काय चालतं ते कळव.

व्हिसाचे कागद भरायला घेतले आहेत. तुझं निमंत्रणपत्र, पगाराचा दाखला आणि घराचा पत्ता लवकर पाठव. बोटीत माझ्यासाठी केबिन नको, खुर्ची चालेल.

तुझा,
मामा