थांबणारा आणि थांबविणारा

रागावलेला माणूस बहुधा रांगेंत उभा असतो, आणि ज्याच्यामुळें रांग खोळंबली तो खिडकीपाशीं स्वस्थपणें सुटे पैसे मोजीत असतो. मेनफ्रेम संगणकावरील ‘डीबी-टू’ या माहितीभांडाराची राखण करण्यांत माझीं बरींच वर्षें गेलीं; तेथेंहि न्याय हाच आहे.

एकाच खात्यावर दोन कामांनीं एकाच वेळीं हात घालूं नये म्हणून तेथें कुलुपें असतात. एकानें कुलूप लावलें कीं दुसऱ्यानें थांबावयाचें. ठरलेली मुदत संपली कीं थांबणाऱ्याचेंच काम रद्द होतें व त्याच्या कपाळीं उणे ९११ हा आंकडा उमटतो. दोघे एकमेकांच्या कुलुपांसाठीं अडून बसले, तर ज्याचें लिखाण कमी झालें असेल त्याचा बहुधा बळी जातो. मुदत संपते तेव्हां कुलूप धरून बसलेला मात्र नामानिराळा!

एका बँकेंत दर महिन्याच्या पहिल्या तारखेस सकाळीं खिडकीवरचीं कामें अशीं धडाधड रद्द होऊं लागलीं. रद्द होणारा प्रोग्राम नव्यानेंच लागलेल्या एका मुलीनें लिहिलेला होता. सभेंत सर्वांच्या नजरा तिच्याकडे वळल्या; एका वरिष्ठांनीं तर तिला त्या कामावरून दूर करण्याचें जवळजवळ ठरविलेंच. जो ओरडतो त्यालाच चोर समजण्याची ही आपली जुनी खोड आहे.

सुदैवानें स्टॅटिस्टिक्स ट्रेसचा तिसरा वर्ग तेथें नेहमीं चालूं असे. ट्रेस म्हणजे यंत्रांत घडणाऱ्या प्रसंगांची रोजनिशी. प्रत्येक प्रकारच्या प्रसंगाला क्रमांक असतो. परस्परांच्या अडवणुकीचा १७२, मुदत संपल्याचा १९६. प्रत्येक कुलुपाची बारीकसारीक हकीकत उतरवून घेणारे ट्रेसहि आहेत. पण ते इतकें लिहितात कीं लिहिण्याच्या भारानेंच यंत्र मंदावतें. ते संशय आल्यावर, थोड्या वेळापुरतेच चालवावेत. १९६ चें टिपण मोजकें असतें, आणि त्यांत थांबणाऱ्याबरोबर थांबविणाऱ्याचेंहि नांव असतें. माझ्या मतें त्याची सारी किंमत या एका गोष्टींत आहे.

आम्हीं त्या सकाळचीं टिपणें काढलीं. थांबणारीं नांवें अनेक, थांबविणारें एकच: व्याज चढविण्याचें जुनें रात्रींचें काम, जें लांबत लांबत सकाळपर्यंत आलें होतें. त्यापूर्वीं थोडा वेळ ३३७ क्रमांकाचा प्रसंग नोंदला होता. एखाद्या कामाचीं लहान कुलुपें मर्यादेबाहेर वाढलीं, कीं डीबी-टू तीं काढून सबंध कोष्टकालाच एक मोठें कुलूप लावतें. त्याची ही नोंद. तें जुनें काम हजारों ओळी बदलीत जाई, पण मध्यें कोठेंहि कमिट करून कुलुपें सोडीत नसे. तें लिहिलें गेलें तेव्हां खातीं थोडीं होतीं व रात्रीं बँक खरोखरच झोंपत असे. त्याला तरी काय दोष द्यावा?

दर ५०० ओळींनंतर कमिट घातलें. पुढच्या पहिल्या तारखेस १९६ ची एकहि नोंद आली नाहीं. वरिष्ठ त्या मुलीशीं याविषयीं कांहीं बोलल्याचें मला स्मरत नाहीं. तिनें मात्र त्या टिपणांचा एक छापील कागद माझ्याकडून मागून घेतला व घडी घालून आपल्या खणांत ठेवला.