'व माय'चं मराठी

अहिराणीतून प्रमाण मराठीत मजकूर आणताना खरी दमछाक लांब वाक्यांपाशी होत नाही, 'व माय!'पाशी होते. 'काय सांगस भो'चं 'काय सांगतोस रे' करता येतं. त्यात 'भो'मधला भाऊ गळतो, पण निभतं. 'व माय'च्या जागी मात्र 'अगबाई' लिहिलं, की धुळ्याच्या बाजारातली बाई थेट सदाशिव पेठेत जाऊन बसते. 'अरेच्चा' लिहिलं, तर हरवलेला चष्मा सापडल्याइतकंच आश्चर्य उरतं. मोरो केशव दामले यांच्या १९११च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून शाळेच्या पुस्तकापर्यंत अशा शब्दांना केवलप्रयोगी म्हणतात: वाक्याशी संबंध नसलेले. वाक्याशी नसेल, माणसाशी आहे. बाप रे, आई गं, अरे देवा, व माय या सगळ्या हाका आहेत. आपला अचंबासुद्धा संबोधनात बोलतो, आणि इटलीतही 'मम्मा मिया' म्हणत आईच आठवते. बहिणाबाई चौधरींच्या संसारावरच्या आणि सुगरणीच्या खोप्यावरच्या, दोन्ही कविता 'अरे'ने सुरू होतात. त्या 'अरे'त उद्गार किती आणि हाक किती, हे वेगळं काढून दाखवता येत नाही. (ती लेवा गणबोली, अहिराणी नव्हे. जळगाव म्हटलं की दोन्ही एकाच पोत्यात भरणारे अजून भेटतात.)

यावर म्हणतील, तव्याचा चटका बसल्यावर कोण कोणाला हाक मारायला बसलंय? बरोबर. पहिला आवाज साऱ्या जगाचा सारखा असेलही. पण त्याच्या पाठोपाठ येणारा शब्द शिकलेला असतो: इंग्रज 'आउच' म्हणतो, जर्मन 'आउआ', आपण 'आई गं'. हे शब्द नुसते उपजत असते तर उसने घेता आले नसते. 'शाबास' हे मुळात फारसी 'शाद बाश', म्हणजे आनंदी राहा. आणि दक्षिणेतला 'अय्यो' २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला. साम्याचा पुरावा म्हणून 'हं?' पुढे केला जातो. नीट ऐकू आलं नाही की असा प्रश्न माणसं करतात, आणि २०१३च्या एका अभ्यासात डिंगेमान्से, टोरेरा व एनफिल्ड यांना तो ३१ भाषांत जवळपास सारखा आढळला. पण त्यांचा निष्कर्ष उलटा आहे: हा हुंकार नाही, शब्दच आहे. संभाषण थांबू नये म्हणून सगळीकडे आखूड, सोपा घडला, तरी प्रत्येक भाषेने तो आपल्या सुरात बसवला. बहुतेक ठिकाणी सूर चढतो, आइसलँडिकमध्ये उतरतो.

म्हणून 'व माय' तसंच ठेवावं, तळटीपेशिवाय, या मताचा मी आहे. कोल्हापूरचा वाचक अडखळेल ही भीती फुकाची. चोपड्याकडच्या केळीच्या बागेत वादळानंतर आडवे झालेले खांब दिसताहेत, घड चिखलात पडलेत आणि बाई बांधावर उभी राहून 'व मायऽ' म्हणते. यात न कळण्यासारखं काय आहे? माझा नियम मोडतो तो 'हाव'पाशी. आखूड 'हाव' म्हणजे हो, चढवून म्हटलं की 'खरंच?', आणि खालच्या पट्टीत 'ऐकतोय, बोल पुढं'. कागदावर तिन्ही सारखेच दिसतात. शिवाय पुण्याचा वाचक 'हाव' वाचून सरळ लोभ समजतो. तिथे मी निमूटपणे 'हो' लिहितो, आणि उरलेल्या दोन हावांसाठी दर वेळी नवं काहीतरी शोधत बसतो.