सोळा इंच

माझ्या डिग्रीवर सही विद्यापीठाची आहे. पण खिडकी कुठे ठेवायची हे मला शिकवलं औसा तालुक्यातल्या एका आजीनं.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून दमून झोपलेली माणसं जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली गेली. दीडेक वर्षानं मी पुनर्वसनाच्या एका साइटवर रुजू झालो. नवं गाव आखीव: सरळ रस्ते, रांगेनं घरं. वास्तुकार चार्ल्स कोरिआंनी नवी मुंबईतल्या बेलापूरला सात-सात घरं एकेका अंगणाभोवती मांडली आणि त्यांच्या भिंती एकमेकींना लावल्या नाहीत, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं त्यानं घर वाढवावं. हे सगळं परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. इथं मात्र खिडकीची सिल तीन फुटांवर दाखवून मोकळा झालो. पुस्तकात तेवढीच असते.

भिंती लिंटेलपर्यंत आल्या होत्या. आजी आपलं घर बघायला आली, आत गेली आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लेकरा, हितनं नुस्तं आभाळ दिसतंय. वाट दिसंना."

मी समजावू लागलो. खिडकी नियमाप्रमाणे आहे, उजेड पुरेसा येईल वगैरे. (तेव्हा मी फार बोलायचो.) मिस्त्री थापी पुसत हळूच म्हणाला, "साहेब, जरा बसून बघा की."

बसलो. खरंच आभाळच दिसत होतं. तिचं निवडणं-टिपणं, जेवण, दुपारची डुलकी, सगळं जमिनीवर व्हायचं. आणि मी खिडकी काढली होती खुर्चीत बसून.

चौकट अजून बसली नव्हती. वरच्या लिंटेलच्या पट्ट्याला हात न लावता मिस्त्रीनं सिलखालचे ब्लॉकचे दोन थर काढले. सोळा इंच. आजी पुन्हा बसली, बाहेर पाहिलं, मान हलवली. आभार वगैरे काही नाही.

त्या दिवसापासून सिलची उंची ठरवण्याआधी मी फरशीवर बसतो. पँट मळते, क्लायंट हसतात.

निघालेल्या ब्लॉकमधले धड होते ते आजीनं मिस्त्रीकडून दाराबाहेर मांडून घेतले. ओटा माझ्या नकाशात नव्हता. त्यावर बसूनच मी उरलेल्या घरांच्या खिडक्या दुरुस्त केल्या.