खळीचा मैदा

ज्या माळावर १९०० साली, रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेत, अनाथ बालिकाश्रमाची पहिली झोपडी उभी राहिली, आणि फर्ग्युसन महाविद्यालयात दिवसभर गणित शिकवून धोंडो केशव कर्वे जेथे संध्याकाळी शिधासामान घेऊन पायी येत, त्या हिंगण्याच्या, म्हणजे आजच्या कर्वेनगराच्या, एका शाळेत मी कार्यानुभवाचा तास घेतो. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात पुरस्कारिलेला हा विषय वेळापत्रकात बहुधा कोपऱ्यात पडतो, याची मला खंत वाटते. उद्योजकतेची चर्चा निघाली की साहसाचा आणि कल्पकतेचा गौरव होतो. मला मात्र वर्गणीच्या पैशावर आश्रम चालविणारा तो गणिताचा शिक्षक आठवतो, आणि उद्योगाचा पहिला संस्कार हिशेबाचा, आपल्या हाती आलेल्यात कोणाकोणाचा वाटा आहे हे ओळखण्याचा, अशी माझी धारणा दृढ होते.

दिवाळीपूर्वी आठवीचा वर्ग आकाशकंदील करून विकतो. पहिल्या वर्षी बोहरी आळीत जाऊन कागदाची घासाघीस मीच केली, किमती मीच ठरविल्या, रोजकीर्दही मीच लिहिली. कंदील सारे खपले, मुले कामट्या बांधायला शिकली, पण कारभार माझ्यापाशीच राहिला. मुलांचे नुकसान होऊ नये या मायेपोटी मी त्यांचे शिक्षणच हिरावून घेतले होते, हे उमगायला मला वर्ष लागले.

पुढच्या वर्षी वही त्यांच्या स्वाधीन केली. कामट्या, पतंगी कागद, सुतळी, फाटून वाया गेलेले ताव, असा सारा खर्च वजा घालून एका मुलीने मोठ्या अभिमानाने नफा दाखविला.

“खळ कशाची केलीस?”

“मैद्याची, सर.”

“मैदा कुठला?”

“घरचाच.”

उत्तर माझ्या जिभेवर होते. ते गिळणे हेच त्या क्षणी माझे अध्यापन होते.

तिसऱ्या दिवशी वहीत नवे पान उघडलेले दिसले. माथ्यावर ‘आईचे खाते’, जमेच्या बाजूस पाव किलो मैदा, आणि त्याखाली रात्री झिरमिळ्या कापायला बसलेले दोन तास. त्यांपुढची रक्कम मात्र कोरी होती.

“सर, हा दर कोणी ठरवायचा?”

मी वही वर्गापुढे ठेवली, आणि तो सारा तास त्या कोऱ्या रकान्यापाशी गेला.