रिकामा रकाना म्हणजे शून्य का?

गेले चार महिने दुकान बंद केल्यावर रात्री तासभर ‘आर’ शिकतोय. आर ही आकडेवारीचा अभ्यास करण्यासाठीची संगणकाची भाषा. १९९० च्या दशकात न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी ती तयार केली. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालते. क्लास वगैरे लावला नाही. सरावाच्या उदाहरणांत मन रमेना (परदेशी फुलांच्या पाकळ्या मोजून मी काय करू?), म्हणून आपल्या महसूल मंडळाचा रोजचा पाऊसच घेऊन बसलो.

पहिल्याच दिवशी सरासरी विचारली. उत्तर आलं, ‘एनए’. कारण काही तारखांचे रकाने रिकामे. एक्सेल असे रकाने गुपचूप वगळून सरासरी काढून देतं. आर अडून बसते, आधी सांग या रिकाम्या जागेचं काय करायचं! तेव्हा वैताग आला होता. आता वाटतं, हिचं बरोबर आहे.

कारण यात पैसा अडकलाय मंडळी. पीकविम्याच्या भांडणात ‘सलग २१ दिवसांचा खंड’ हे शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेत. आणि पाऊस मोजला जातो तो मंडळाच्या पर्जन्यमापकावर, तुमच्या-माझ्या बांधावर नाही.

आरमध्ये सलग दिवस मोजायला ‘आरएलई’ नावाचं फंक्शन आहे. समजा १४ दिवस कोरडे गेले, मग एक रकाना रिकामा, मग पुन्हा ९ दिवस कोरडे. रिकाम्याला शून्य धरलं तर खंड २४ दिवसांचा. रिकामाच ठेवला तर आरएलई तिथे साखळी तोडतं आणि १४ नि ९ असे दोन तुकडे हातात देतं. म्हणजे २१ भरतच नाहीत. सोयाबीन मात्र दोन्ही हिशेबांत तेवढंच वाळलेलं.

त्या एका रकान्याचं काय करायचं हे कुणीतरी माणूसच ठरवतो, आणि काय ठरवलं ते आपल्याला कळत नाही. माझी मागणी साधी आहे. मंडळाचा पाऊस जाहीर करताना किती दिवसांची नोंद नाही आणि त्या दिवसांचं काय धरलं, हे शेजारीच छापा.

गावात दोन-चार जण घरी डायरीत रोजचा पाऊस लिहितात हे मला माहीत आहे. जून ते सप्टेंबरची पानं फोटो काढून इनबॉक्सला पाठवा. रिकाम्या तारखांशी जुळवून बघतो.